पदवीधर अपत्य : अवलंबित की स्वतंत्र करदाता?

जून आणि जुलै हे व्यापारी कुटुंबांसाठी दुहेरी हिशेबाचे महिने असतात. एकीकडे विद्यापीठांचे निकाल लागून मुले-मुली पदव्या घेऊन घरी परततात, तर दुसरीकडे सरलेल्या आर्थिक वर्षाची खाती मिळवून आयकराची विवरणपत्रे भरण्याची लगबग सुरू होते. देगलूरच्या मोंढ्यातील आडत-भुसाराच्या पेढ्यांवर किंवा बाजारपेठेतील कापड, किराणा, सराफीच्या दुकानांत या दिवसांत घरखर्चाची बेरीज मांडली, तर सर्वांत मोठा आकडा बहुधा शिक्षणाचाच निघतो. नांदेड, लातूर, पुणे, हैदराबाद येथील महाविद्यालयांची फी, वसतिगृह, खानावळ, शिकवणी, प्रवास हे सारे तीन-चार वर्षे चाललेले असते. पदवी हाती आली तरी कमाई लगेच सुरू होत नाही. कोणी स्पर्धा परीक्षेसाठी पुण्यात राहतो, कोणी पदव्युत्तर प्रवेशाची वाट पाहते, कोणी दुकानात येऊन बसते. अशा वेळी वडीलधाऱ्यांच्या मनात एक स्वाभाविक प्रश्न येतो : मुलाचा सारा भार आपणच वाहत आहोत, मग आपल्या आयकरात त्याला अवलंबित म्हणून दाखवून काही सवलत मिळेल का?

या प्रश्नाचे सरळ उत्तर असे की, भारतीय आयकर कायद्यात अवलंबित अपत्यासाठी अशी सरसकट वजावट नाही. अपत्य अठरा वर्षांचे झाले की कायद्याच्या दृष्टीने ते स्वतंत्र करदाता ठरते. मग ते कमावते असो वा नसो, एकाच स्वयंपाकघरात जेवत असो वा परगावी राहत असो. परंतु उत्तर येथेच संपत नाही. काही मोजक्या वजावटी आहेत, त्यांच्या अटी आहेत; आणि त्यांहून महत्त्वाचे म्हणजे अपत्याच्या स्वतंत्र होण्यात कुटुंबाचे हित कसे दडलेले आहे, हे समजून घेण्यासारखे आहे.

समज कोठून आला?

हा समज अगदीच निराधार नाही. त्याचे एक मूळ परदेशात आहे. आज अनेक घरांतील एखादा पुतण्या किंवा भाची अमेरिकेत स्थायिक असते, आणि तेथील नियम नातेवाइकांच्या बोलण्यातून इकडे येतात. अमेरिकेत आईवडिलांजवळ राहणारे एकोणीस वर्षांखालील अपत्य अवलंबित मानले जाते, आणि ते पूर्णवेळ शिकत असेल तर ही वयोमर्यादा चोविसाखालीपर्यंत वाढते. वर्षातील कोणत्याही पाच महिन्यांत काही काळ जरी ते पूर्णवेळ विद्यार्थी असले तरी त्या वर्षापुरती ही अट पूर्ण होते. म्हणून मे महिन्यात पदवी घेतलेले अपत्यही त्या कॅलेंडर वर्षासाठी आईवडिलांच्या विवरणपत्रात येऊ शकते. मात्र स्वतःच्या निर्वाहाचा निम्म्याहून अधिक भार त्याने स्वतः उचललेला नसावा. ही व्यवस्था तेथील आहे. आपल्याकडे ती लागू नाही.

दुसरे मूळ आपल्याच इतिहासात आहे. देगलूर हे निजामाच्या हैदराबाद संस्थानातील गाव. भारतीय आयकर कायदा या भागाला १ एप्रिल १९५० पासून लागू झाला. त्यानंतर पाचच वर्षांनी, १९५५ च्या अर्थसंकल्पात, तत्कालीन अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी विवाहित आणि अविवाहित करदात्यांसाठी वेगवेगळी करमुक्त मर्यादा आणली : विवाहितांस २,००० रुपये, अविवाहितांस १,००० रुपये. त्याच दशकाच्या उत्तरार्धात मुलांची संख्याही हिशेबात आली. विवाहितास ३,००० रुपये, एक अपत्य असल्यास ३,३००, आणि दोन किंवा अधिक अपत्ये असल्यास ३,६०० रुपये अशी मर्यादा होती. पुढे ही पद्धत बंद होऊन सर्वांना एकच मर्यादा लागू झाली. जुन्या मुनीमांच्या तोंडी राहिलेली ‘मुलांची सूट’ ती हीच. ती इतिहासजमा होऊन अर्धशतक उलटले आहे.

आज उरलेल्या वजावटी

आजच्या घडीला अपत्याच्या संदर्भात पालकाला मिळू शकणाऱ्या प्रमुख वजावटी चार आहेत, आणि त्या चारही फक्त जुन्या करप्रणालीतच मिळतात. येथे दिलेले कलमांचे क्रमांक १९६१ च्या कायद्यातील आहेत. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा अंमलात आल्याने क्रमांक बदलले आहेत.

पहिली वजावट शिक्षणशुल्काची. कलम ८०सी खाली, दीड लाखाच्या एकूण मर्यादेत, दोन अपत्यांपर्यंतच्या पूर्णवेळ शिक्षणाचे शुल्क धरता येते. संस्था भारतातील असली पाहिजे. येथे केवळ शिक्षणशुल्क गणले जाते. देणगी, विकासनिधी, वसतिगृह, खानावळ किंवा खासगी शिकवणी यांना स्थान नाही. शुल्क ज्या आर्थिक वर्षात प्रत्यक्ष भरले त्या वर्षी ते मोजले जाते. त्यामुळे पदवीच्या शेवटच्या वर्षाचे शुल्क ज्या वर्षी भरले त्याच वर्षी वजावट संपते. पदवीनंतर स्पर्धा परीक्षेच्या वर्गांवर झालेला खर्च कितीही मोठा असला तरी तो येथे बसत नाही. व्यापारी कुटुंबांनी आणखी एक बाब ध्यानात ठेवावी. ही वजावट व्यक्तीला मिळते, हिंदू अविभक्त कुटुंबाला मिळत नाही. एचयूएफच्या खात्यातून फी भरली, तर ती एचयूएफच्या करातून वजा होणार नाही.

दुसरी वजावट आरोग्यविम्याची. कलम ८०डी मध्ये स्वतः, पती किंवा पत्नी आणि अवलंबित अपत्ये यांच्या हप्त्यासाठी २५,००० रुपयांपर्यंत वजावट आहे. येथे ‘अवलंबित’ हा शब्द कायद्यातच आहे. पदवीधर पण बेरोजगार अपत्य या व्याख्येत बसते. नोकरी लागून ते स्वतःच्या पायावर उभे राहिले की बसत नाही. गंमत अशी की उलट दिशेने कायदा अधिक उदार आहे. कमावत्या अपत्याने आईवडिलांचा हप्ता भरला, तर आईवडील त्याच्यावर अवलंबून असोत वा नसोत, त्याला वेगळी वजावट मिळते. आईवडील ज्येष्ठ नागरिक असल्यास ती ५०,००० रुपयांपर्यंत जाते.

तिसरी वजावट शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची. कलम ८०ई मध्ये व्याजाच्या रकमेला कमाल मर्यादा नाही. परतफेड सुरू झालेले वर्ष आणि पुढील सात वर्षे, अशी एकूण आठ वर्षे ती मिळते. कर्ज बँक, मान्य वित्तसंस्था किंवा मान्य धर्मादाय संस्थेकडूनच घेतलेले असावे. काकांकडून वा आडत्याकडून घेतलेली उसनवार येथे चालत नाही. शिवाय कर्ज ज्याने घेतले आणि ज्याने आपल्या करपात्र उत्पन्नातून व्याज भरले, त्यालाच वजावट मिळते. कर्ज केवळ मुलीच्या नावावर असेल आणि वडील व्याज भरत असतील, तर वडिलांना काही मिळत नाही आणि न भरलेल्या व्याजाची वजावट मुलीलाही मिळत नाही. म्हणून कर्ज काढतानाच, परतफेड पुढे कोण करणार याचा विचार करून कागदपत्रे करावीत.

चौथी वजावट दिव्यांग अवलंबितासाठी. कलम ८०डीडी खाली प्रत्यक्ष खर्च किती झाला याचा हिशेब न मागता ७५,००० रुपये आणि तीव्र दिव्यांगत्व असल्यास १,२५,००० रुपये वजा होतात. येथे अपत्याच्या वयाची अट नाही. समाजात संकोचापोटी दिव्यांगत्वाचे वैद्यकीय प्रमाणपत्र न काढणारी कुटुंबे आहेत. त्यांनी हा संकोच सोडावा.

जुनी प्रणाली की नवी?

आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून नवी करप्रणाली हीच मूळ प्रणाली मानली जाते, आणि तीत वरीलपैकी एकही वजावट नाही. तेव्हा या वजावटींसाठी जुन्या प्रणालीत राहावे का, हा हिशेबाचा प्रश्न आहे. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका आडत्याचे आर्थिक वर्ष २०२५-२६ चे निव्वळ व्यावसायिक उत्पन्न १४ लाख रुपये आहे. त्याने जुन्या प्रणालीत मुलांची फी व अन्य गुंतवणूक धरून दीड लाख आणि विम्याचे २५,००० रुपये पूर्ण वजा केले, तर उपकरासह कर १,८७,२०० रुपये होतो. नव्या प्रणालीत एकही वजावट न घेता तोच कर ९३,६०० रुपये भरतो. सवलतीच्या मोहात दुप्पट कर भरला जातो तो असा. मोठे गृहकर्ज किंवा शैक्षणिक कर्जाचे मोठे व्याज असेल तर चित्र वेगळे दिसू शकते. आकडेमोड केल्याशिवाय निर्णय घेऊ नये.

व्यावसायिक उत्पन्न असणाऱ्यांना येथे अधिक सावधगिरी हवी. पगारदाराला दरवर्षी प्रणाली निवडता येते. व्यापाऱ्याला तशी मोकळीक नाही. नवी प्रणाली सोडून जुन्यात जायचे तर विवरणपत्राच्या मुदतीपूर्वी तसा पर्याय द्यावा लागतो, आणि एकदा नव्यात परत आल्यावर व्यावसायिक उत्पन्न असेपर्यंत पुन्हा जुन्यात जाता येत नाही. एका वर्षाच्या फीसाठी हा दरवाजा वापरणे बहुधा शहाणपणाचे ठरत नाही.

विद्येची कमाई कोणाची?

मग अपत्याला पदवीधर करण्यासाठी कुटुंबाने वेचलेल्या पैशाचे काय? हा प्रश्न नवा नाही. एकत्र कुटुंबाच्या पैशातून शिकलेल्या वकिलाची वा डॉक्टरची कमाई कुटुंबाच्या सामायिक मालकीची की त्याची स्वतःची, यावर ब्रिटिश अमदानीत अनेक खटले लढले गेले. ‘आम्ही शिकवले, म्हणून कमाईत आमचा वाटा’ हा भाऊबंदांचा दावा असे. मुंबईचे विख्यात बॅरिस्टर आणि पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झालेले मुकुंदराव जयकर यांच्या प्रयत्नांतून १९३० साली या विषयावर कायदा झाला. त्याने ठरवून टाकले की, शिक्षण कुटुंबाच्या पैशातून झाले किंवा शिकत असताना निर्वाह कुटुंबाने चालवला, एवढ्याच कारणावरून विद्येची कमाई सामायिक ठरणार नाही. ती शिकणाऱ्याची स्वतंत्र मिळकत असेल.

जैन कुटुंबांना हा विषय लागू होतो, कारण वारसा आणि अविभक्त कुटुंबाच्या बाबतीत जैन समाज हिंदू कायद्याखालीच येतो. जैन अविभक्त कुटुंब हे करकायद्याच्या दृष्टीने हिंदू अविभक्त कुटुंबातच मोडते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७२ साली संपत्तिकराच्या एका खटल्यात स्पष्ट केले. २०१४ साली जैन समाजाला राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक दर्जा मिळाला, त्यानेही या स्थितीत बदल झालेला नाही.

यातून दोन व्यवहार्य गोष्टी निघतात. एक म्हणजे पदवीधर मुलाचा पगार वा व्यावसायिक उत्पन्न एचयूएफच्या खात्यात जमा करून त्याचे उत्पन्न म्हणून दाखवता येत नाही. ते त्याच्या स्वतःच्या पॅनवर, त्याच्याच विवरणपत्रात दिसले पाहिजे. दुसरी म्हणजे एचयूएफने आपल्या उत्पन्नातून सदस्याच्या शिक्षणासाठी वा निर्वाहासाठी दिलेली रक्कम त्या सदस्याच्या हाती करमुक्त असते. पुण्यात अभ्यास करणाऱ्या मुलाला एचयूएफच्या खात्यातून दरमहा पैसे पाठवले, तर एचयूएफला वजावट मिळणार नाही, पण मुलावरही कर येणार नाही. मुलीच्या बाबतीतही हेच. महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली मुलीला जन्मतः सहदायाद मानले आहे. २०२० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने उरलेली शंकाही दूर झाली. एचयूएफच्या कागदपत्रांत केवळ मुलांचीच नावे असतील, तर ती दुरुस्त करण्याची वेळ केव्हाच येऊन गेली आहे.

स्वतंत्र करण्याचे तीन मार्ग

अपत्य अवलंबित दाखवून मिळणारा लाभ थोडा आहे. ते खरोखर स्वतंत्र केल्याने होणारा लाभ मोठा आहे, आणि तो पूर्णतः कायदेशीर आहे. 

पहिला मार्ग पगाराचा. वरील उदाहरणातील आडत्याची वाणिज्य पदवीधर कन्या दुकानाची खाती लिहीत असेल, जीएसटीची विवरणपत्रे भरत असेल, बाजार समितीचा आणि बँकेचा पत्रव्यवहार पाहत असेल, तर ते काम आहे आणि कामाला मोल असावे. तिला दरमहा २०,००० रुपये पगार दिल्यास वर्षाला २,४०,००० रुपये दुकानाचा खर्च म्हणून वजा होतात. वडिलांचे उत्पन्न ११,६०,००० रुपयांवर येते आणि नव्या प्रणालीतील बारा लाखांपर्यंतच्या करसवलतीमुळे त्यांचा कर शून्य होतो. मुलीचे उत्पन्नही करमुक्त मर्यादेत राहते. ९३,६०० रुपये वाचतात. आणि ते केवळ सत्य लिहिल्याने वाचतात. मात्र काम खरे असले पाहिजे, पगार बाजारभावाला धरून असला पाहिजे. नातेवाइकाला दिलेला अवाजवी मोबदला अधिकारी नामंजूर करू शकतो, आणि एका दिवशी एकाच व्यक्तीला १०,००० रुपयांहून अधिक रोखीने दिलेला खर्च सामान्यतः धरला जात नाही. पगार बँकेतूनच द्यावा आणि तो खात्यातून लगेच वडिलांकडे परत येऊ नये. ही बारालाखी सवलत व्यक्तीला आहे, एचयूएफला नाही, हेही लक्षात असावे.

दुसरा मार्ग बक्षिसाचा. आईवडिलांनी सज्ञान अपत्याला दिलेल्या भेटीवर कर नाही, रकमेची मर्यादा नाही, आणि त्या पैशावरील पुढचे उत्पन्न अपत्याचेच मानले जाते. अज्ञान अपत्याच्या बाबतीत मात्र ते सामान्यतः आईवडिलांपैकी ज्याचे उत्पन्न अधिक त्याच्या उत्पन्नात मिळवले जाते. पत्नीला आणि सुनेला दिलेल्या भेटीचे उत्पन्नही देणाऱ्याकडेच परत येते. मुलाला आणि सुनेला निम्मे-निम्मे देताना अनेकांकडून हा फरक नजरेआड होतो. भेट धनादेशाने किंवा बँकेतून द्यावी, साधे का होईना बक्षीसपत्र करावे, आणि दिल्यावर तिच्यावरील ताबा खरोखर सोडावा. मुलाच्या नावे ठेव आणि पासबुक मात्र वडिलांच्या कपाटात, ही भेट कागदावरचीच राहते.

तिसरा मार्ग भागीदारीचा. अनेक पेढ्यांत अज्ञान अपत्याला नफ्यापुरते सामील करून घेतलेले असते. १९३२ च्या भागीदारी कायद्यानुसार ते सज्ञान झाल्यावर सहा महिन्यांच्या आत भागीदार होणार की नाही याची जाहीर सूचना द्यावी लागते. सूचना न दिल्यास मुदत संपताच ते पूर्ण भागीदार ठरते आणि पेढीच्या देण्यांची वैयक्तिक जबाबदारीही त्याच्यावर येते. मुलगा दुसऱ्या शहरात शिकत असताना त्याच्या नकळत हा भार त्याच्या खांद्यावर पडू नये.

न बोललेली बाजू

पगार न घेता, विवरणपत्र न भरता, ‘घरचेच दुकान’ म्हणून पाच-सात वर्षे राबणारा पदवीधर मुलगा कागदोपत्री कोठेच नसतो. पुढे त्याला स्वतःची शाखा काढायची असते, घर घ्यायचे असते. तेव्हा बँक साधारणपणे तीन वर्षांची विवरणपत्रे आणि खात्यातील व्यवहार मागते. त्याच्याकडे दाखवायला काहीच नसते. मुलीच्या बाबतीत हे अधिक बोचरे होते. चार वर्षे दुकानाची खाती चोख ठेवलेली मुलगी लग्न होऊन सासरी जाते, तेव्हा त्या कामाचा अनुभव, त्याचा पगार, त्यातून झालेली बचत यांचा एकही पुरावा तिच्या हाती नसतो. तिला ‘अवलंबित’ मानून कुटुंबाचा एक रुपयाही वाचलेला नसतो. तिचे स्वतंत्र खाते मात्र उभे राहिलेले नसते.

श्रावकाच्या अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत खोट्या मापांबरोबरच ‘विरुद्धराज्यातिक्रम’ही सांगितला आहे. राज्याच्या नियमाचे उल्लंघन करून मिळवलेला लाभ हाही व्रताला लागलेला दोष मानला गेला. हेमचंद्राचार्यांनी बाराव्या शतकात योगशास्त्रात सद्गृहस्थाचे गुण सांगताना न्यायाने मिळवलेल्या वैभवाला पहिले स्थान दिले. न केलेल्या कामाचा पगार आणि कपाटातच राहिलेली भेट या कसोटीवर टिकत नाहीत. केलेल्या कामाचे मोल न लिहिणे हेही खात्यातील असत्यच आहे.

तेव्हा ज्या घरात यंदा पदवी आली आहे त्या घराने काही गोष्टी याच वर्षी कराव्यात. अपत्याचे पॅन, आधार आणि बँक खाते जोडलेले आहे का ते पाहावे. आरोग्यविम्याच्या पॉलिसीत त्याचे नाव किती वयापर्यंत राहणार हे विचारून घ्यावे. शैक्षणिक कर्ज असेल तर व्याज कोणाच्या खात्यातून जाते ते तपासावे. दोन्ही प्रणालींचा कर आपल्या सी.ए. कडून कागदावर मांडून घ्यावा. दुकानात काम करणाऱ्या मुला-मुलीचा पगार ठरवून तो पुढच्या महिन्यापासून बँकेत जमा करावा आणि उत्पन्न करमुक्त मर्यादेत असले तरी त्याचे पहिले विवरणपत्र भरावे. दिवाळीला नव्या वहीचे पूजन होईल, तेव्हा त्या वहीत पदवीधर अपत्याच्या नावाचे एक स्वतंत्र खाते असावे, आणि त्यातील प्रत्येक नोंद खरी असावी.